'क्लीन कोल': २००८ च्या प्रचारात नेमकं काय विकलं जात होतं?

शब्दवेल्हाळ

नमस्कार मंडळी,

मी ओहायोत राज्यशास्त्रात मास्टर्स करते आहे. या सत्रात सेमिनारला विषय घेतलाय २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीतल्या ऊर्जेच्या प्रश्नाचा. घेताना वाटलं होतं, सोपा आहे. त्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलेलं, समुद्रात विहिरी खणा म्हणून रिपब्लिकन अधिवेशनात घोषणा, संपला विषय. पण भाषणं आणि वादविवादांच्या प्रती वाचायला बसले, तर तेलाइतकाच आणखी एक शब्द जागोजागी आडवा येतोय: क्लीन कोल.

गंमत म्हणजे त्याच्या विरोधात कोणीच नाही. रिपब्लिकन उमेदवार मॅकेन म्हणतात, क्लीन कोलच्या तंत्रज्ञानाला वर्षाला दोन अब्ज डॉलर देऊ. डेमोक्रॅटिक उमेदवार ओबामांनी डेन्व्हरच्या अधिवेशनातल्या मुख्य भाषणात त्याचं नाव घेतलंय. मग भांडण कशावरून? सप्टेंबरात ओबामांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार बायडन इथेच ओहायोत, मॉमी गावी, गर्दीतल्या एका बाईंना उत्तर देताना बोलून गेले की अमेरिकेत कोळशाचे प्लांट नकोत, बांधायचेच तर तिकडे चीनमध्ये बांधू देत आणि स्वच्छ बांधू देत. मॅकेनच्या माणसांनी ते लगेच उचललं. मग मतदानाला दोन दिवस उरलेले असताना ओबामांची जानेवारीतली एक मुलाखत उकरून काढली गेली. कोळशाचा प्लांट कोणाला बांधायचा असेल तर बांधावा, पण कार्बनच्या शुल्कापायी त्याचं दिवाळं निघेल, अशा अर्थाचं ते बोलले होते. मॅकेनच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांनी ओहायोतल्या सभेत त्यावर रान उठवलं. एवढं होऊनही ओहायो गेलं ओबामांकडेच.

शिवाय जाहिराती. कोळशाच्या ढेकळात विजेची वायर खोचलेली ती जाहिरात अनेकांना आठवत असेल. सीएनएनचे लास व्हेगस आणि मर्टल बीचचे वादविवाद कोळसा उद्योगाच्या एका प्रचारमंडळाने प्रायोजित केलेले. पुढे २००८ मध्येच ते मंडळ दुसऱ्या एकात विलीन झालं आणि नव्या नावातच 'क्लीन कोल' आलं.

माझ्या गाइडबाईंची अट अशी: पहिल्या पानावर क्लीन कोलची व्याख्या लिहा, मगच दुसऱ्या पानावर जा. तीन आठवडे मी पहिल्याच पानावर आहे. पाच व्याख्या लिहून खोडल्या. इथे कोणी वीज केंद्रात काम केलेलं असेल तर कृपया सांगा, त्या वर्षी अशी वस्तू खरोखर होती का? की नुसता शब्दच होता?


गवती_चहा

क्लीन कोल म्हणजे न जाळलेला कोळसा. घ्या, लिहा आणि दुसऱ्या पानावर जा. :)

एक जाहिरात तुमच्याकडून सुटलीय. हेल्मेट घातलेला एक माणूस 'चला, तुम्हाला अत्याधुनिक क्लीन कोल प्लांट दाखवतो' म्हणून दार उघडतो आणि दारापलीकडे नुसतं ओसाड माळरान. पर्यावरणवाल्यांनी काढली होती. सगळं उत्तर त्या अर्ध्या मिनिटात आहे.


बॉयलरवाला

गवती चहा, जाहिरात झकास होती, पण ती आली डिसेंबरात, मतं मोजून झाल्यावर. प्रचार चालू असताना माळरान दाखवायला कोणी आलं नाही.

शब्दवेल्हाळ, पाच व्याख्या खोडल्यात ते चुकलं. पाचही बरोबर असणार. शब्द एक, अर्थ पाच, म्हणूनच तो प्रचाराला इतका सोयीचा पडला.

मी ओहायो नदीकाठच्या वीज केंद्रांवर एकोणीस वर्षं काढली, कंत्राटदाराकडून, बहुतेक काळ स्क्रबरवर. धंद्यात या शब्दाचा पहिला अर्थ अगदी घरगुती आहे. खाणीतून वर येतो तो रॉ कोल, त्यात दगड, चिकणमाती, काय काय. वॉशरीत धुऊन दगड बाजूला काढला की राहतो तो क्लीन कोल. एका पट्ट्यावर रॉ, दुसऱ्यावर क्लीन, तिसऱ्यावर टाकाऊ. म्हणजे जाहिरातवाल्यांनी शब्द हवेतून आणलेला नाही. खाणीतल्या माणसाच्या तोंडात तो होताच, फक्त त्याचा अर्थ 'धुतलेला' एवढाच होता.

दुसरा अर्थ ऐंशीच्या दशकातला, आम्लपावसाचा. केंद्राच्या ऊर्जा खात्याने १९८६ च्या सुमारास क्लीन कोल नावाचाच कार्यक्रम काढला, निम्मा खर्च सरकारचा, निम्मा उद्योगाचा. मग १९९० चा हवेचा कायदा आला आणि गंधकाच्या वायूवर मर्यादा बसली. ती पाळायला काहींनी वायोमिंगचा कमी गंधकाचा कोळसा आणला आणि काहींनी आमच्यासारख्यांना बोलावून स्क्रबर बसवले.

स्क्रबर म्हणजे काय ते जरा सांगतो, कारण माझ्या मते तुमच्या सेमिनारची चावी तिथे आहे. बॉयलरमधून निघालेला धूर, राख काढून झाल्यावर, एका उंच टॉवरमध्ये खालून सोडतात. वरून चुनखडीच्या स्लरीचे फवारे. गंधकाचा वायू चुनखडीला धरतो आणि तळाला जिप्सम जमतं. ओलं जिप्सम मुठीत घेतलं तर भिजलेल्या खडूचा लगदा वाटतो. पुढे ते भिंतीच्या बोर्डांच्या कारखान्यात जातं. यात कुठेही जादू नाही, पंप बंद पडतात, नोझल तुंबतात, पाइप झिजतात, पण काम होतं. १९९० ते २००८ या काळात अमेरिकेतल्या वीज केंद्रांचा गंधकवायू निम्म्यावर आला.

आता गोष्ट. एका केंद्रावर आम्ही नवा स्क्रबर चालू केला. आधी चिमणीतून पिंगट रेघ निघायची, लक्ष दिलं तरच दिसायची. स्क्रबर लागल्यावर पांढराफेक जाड लोट निघायला लागला, पाच मैलांवरून दिसेल असा. ती वाफ होती, धूर ओल्या टॉवरमधून आल्यामुळे. पण गावाला कसं कळणार? फोन सुरू झाले. नदीपलीकडच्या एक आजीबाई तर थेट गेटवर आल्या, 'हे तुम्ही काय सुरू केलंत?' म्हणून. सुपरवायझरने मला बाहेर ढकललं, तू समजावून सांग म्हणाला. मी सांगितलं की पांढरं दिसतंय ते पाणी आहे, वाईट होतं ते पूर्वीचं न दिसणारं. बाईंचा काडीचा विश्वास बसला नाही. वर्षभराने त्याच बाई किराणा दुकानात भेटल्या. म्हणाल्या, पोर्चच्या रेलिंगवर दर हिवाळ्यात डाग पडायचे, यंदा पडले नाहीत, तुझं खरं होतं बाबा.

२००८ च्या शरद ऋतूत काउंटीच्या जत्रेत एका तंबूत टोप्या फुकट वाटत होते, पुढे मोठ्या अक्षरांत 'क्लीन कोल'. आजीबाईंनी घातली होती. मी म्हटलं, काय हे? तर म्हणाल्या, 'अरे, तुम्हीच तर करून दाखवलंत!'

मला उत्तर देता आलं नाही. कारण एका अर्थाने त्यांचं बरोबर होतं. फक्त २००८ साली वाद गंधकाचा राहिलाच नव्हता, कार्बन डायऑक्साइडचा होता, आणि तो शब्दाचा तिसरा अर्थ. पहिली स्वच्छता झाली होती, लोकांनी रेलिंगवर हात फिरवून खात्री केली होती. दुसरी झालेली नव्हती. जाहिरातींनी पहिलीची पत दुसरीच्या खात्यावर उचलली. खोटं एक वाक्यही बोलावं लागलं नाही. पूर्वीपेक्षा कोळसा कितीतरी स्वच्छ जळतो, हे वाक्य गंधकापुरतं शंभर टक्के खरं आहे!

आणि या दोन कामांत जमीन-अस्मानाचा फरक. धुरात गंधकवायू असतो टक्क्याच्या काही अंशात. कार्बन डायऑक्साइड असतो १२ ते १४ टक्के. गंधक ही कोळशातली भेसळ, ती काढता येते. कार्बन म्हणजे खुद्द कोळसाच. १२ किलो कार्बन जाळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हवेतला ऑक्सिजन धरून. १३०० मेगावॉटचं युनिट पूर्ण भारावर दिवसाला दहा-बारा हजार टन कोळसा खातं. म्हणजे जेवढा माल गाडीने आत आला त्याच्या दुपटीहून जास्त वजनाचा वायू पकडायचा, दाबून जवळजवळ द्रव करायचा आणि जमिनीखाली मैलभर खोल खडकात कायमचा ठेवायचा. पकडायला अमाइन नावाचं द्रावण वापरतात. ते गंधकासारखं एकदा धरून मोकळं होत नाही, पुन्हा वापरण्यासाठी तापवून वायू सोडवून घ्यावा लागतो. त्याला वाफ लागते, ती वाफ टर्बाइनची. पकडा आणि दाबा मिळून केंद्राची पाव वीज घरातच खर्च होते असं धरून चाला.

तर तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेत व्यापारी आकाराचं असं एकही कोळशाचं वीज केंद्र नव्हतं जे आपला बहुतेक कार्बन पकडून पुरत होतं. सर्वांत जवळचं उदाहरण नॉर्थ डकोटात ब्यूला इथलं, २००० सालापासून कार्बन डायऑक्साइड नळाने कॅनडातल्या तेलक्षेत्राला पाठवणारं. पण तो कोळशापासून गॅस बनवणारा कारखाना, वीज केंद्र नव्हे.


शब्दवेल्हाळ

बॉयलरवाला काका, आजीबाई माझ्या सेमिनारात येणार, नाव न घेता. परवानगी गृहीत धरते.

एक शंका. दोघंही उमेदवार पैसे द्यायला तयार होते, तर मग फ्यूचरजेन या सरकारी क्लीन कोल प्रकल्पाचं काय झालं? मला तारखा जुळवताच येत नाहीत. प्रचारात सगळे 'बांधू या' म्हणतात आणि कागदावर दिसतं की त्याच वर्षी बांधकाम रद्द!


बॉयलरवाला

तारखा जुळत नाहीत, कारण त्या तशाच आहेत. तुमची चूक नाही.

फ्यूचरजेन बुश सरकारने २००३ मध्ये जाहीर केलं. २७५ मेगावॉट, कोळशाचा आधी गॅस करायचा, कार्बन वेगळा काढायचा, पुरायचा. जागेसाठी इलिनॉय आणि टेक्सासच्या गावांत चुरस होती. डिसेंबर २००७ मध्ये इलिनॉयमधलं मॅटून जिंकलं. दीडेक महिन्यातच, जानेवारी २००८ च्या अखेरीस, ऊर्जा खात्याने हात काढून घेतला. खर्च दुप्पट होऊन १.८ अब्ज डॉलरवर गेला म्हणे. पुढे २००९ मध्ये हिशेबतपासनिसांनी दाखवलं की दुपटीचं गणितच चुकलं होतं. जुना आकडा महागाई न धरलेला आणि नवा धरलेला, असे दोन एकमेकांसमोर ठेवले होते. फरक सुमारे अर्ध्या अब्ज डॉलरचा!

म्हणजे बघा, इलिनॉयचे सिनेटर ओबामा अध्यक्षपदाला उभे, त्यांच्याच राज्यातला देशातला एकमेव मोठा प्रकल्प नुकताच रद्द झालेला, आणि दोन्ही बाजू वर्षभर त्याच वस्तूचं आश्वासन देताहेत. नंतर ओबामा सरकारने एक अब्ज डॉलर देऊन ते दुसऱ्या रूपात उठवलं, इलिनॉयमधल्याच मेरेडोशियाच्या जुन्या केंद्रावर. मॅटूनच्या वाट्याला नुसती कार्बन पुरायची खड्ड्याची भूमिका उरली, तेव्हा गावानेच २०१० मध्ये नको म्हणून सांगितलं. (मला त्या गावाचं कौतुक वाटतं.) २०१५ मध्ये तेही गुंडाळलं.

आणि त्या वर्षीची एक खरी गोष्ट, जिच्याबद्दल सभांमध्ये कोणी चकार शब्द काढला नाही. ३ ऑक्टोबर २००८ ला बँका वाचवायचा कायदा झाला ना, त्याच्या पोटात कार्बन पुरणाऱ्याला टनाला २० डॉलर करसवलत घातली होती. पंचेचाळीस-क्यू म्हणतात ते कलम. पुढे ते वाढत वाढत २०२२ मध्ये ८५ डॉलरवर गेलं. आज या विषयात जे काही हलतंय ते बहुतेक त्या कलमाच्या जोरावर. टोपीवर मात्र ते छापता येत नाही.


डॉक्टरीणबाई

मी खाणीच्या मुलखातून लिहिते. दक्षिण वेस्ट व्हर्जिनियात २००५ पासून आहे. जे-वन व्हिसाच्या सवलतीत जिथे कोणी डॉक्टर जात नाही तिथे तीन वर्षं काढायची अट असते, तशी आले आणि राहिले. २००८ मध्ये मला मत नव्हतं, पण तपासणीच्या खोलीत सगळी निवडणूक ऐकली.

बॉयलरवाला यांनी चिमणीकडची बाजू सांगितली. आमच्याकडे तो शब्द चिमणीबद्दल नव्हताच. शिफ्टवरून थेट दवाखान्यात आलेल्या माणसाच्या पापण्यांच्या कडेला धूळ बसलेली असते, काजळ घातल्यासारखी. साबणाने निघत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला खरंच काजळ वाटलं आणि मी काही बोलले नाही! या माणसांचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकत नाहीत. त्यांच्या मुलांना टीव्हीवर रोज ऐकू येतं की बाबा करतात ते काम घाण आहे, पृथ्वीचं नुकसान करणारं आहे. आणि मग एक फलक उभा राहतो, त्यावर कोळशाच्या शेजारी 'क्लीन' लिहिलेलं. तुमच्या सेमिनारात याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. माझा एक पेशंट म्हणाला होता, 'निदान कोणीतरी चांगलं म्हणतंय.' तंत्रज्ञान चालतं की नाही हे त्याने विचारलंच नव्हतं.

खाणकामगारांच्या युनियनने तेव्हा ओबामांनाच पाठिंबा दिला होता, हे लोक विसरतात. राज्य तरीही मॅकेनकडे गेलं. २०१२ मध्ये युनियन गप्प बसली. त्या वर्षी इथल्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत ओबामांच्या विरोधात टेक्सासच्या तुरुंगातल्या एका कैद्याला ४१ टक्के मतं पडली. हसू नका, त्या दिवशी आमच्या वेटिंग रूममध्येही कोणी हसत नव्हतं.

माझी तक्रार दोन्ही पक्षांबद्दल आहे. 'क्लीन' हा शब्द धुराला लागला, धुळीला कधी लागला नाही. जाड थर संपत आले, आता पातळ थरांसाठी वरखालचा दगडही कापावा लागतो, त्यातून सिलिकाची, म्हणजे दगडाची बारीक धूळ उडते. चाळिशीतल्या माणसांची अशी फुप्फुसं मी पाहिलीत जी पुस्तकात म्हाताऱ्यांची म्हणून दाखवतात. खाणीतल्या धुळीची मर्यादा घनमीटरला २ मिलिग्रॅमवरून दीडवर आणायचा नियम व्हायला २०१४ उजाडलं. कुठल्या सभेत ऐकलंय कोणी हा आकडा?


जुनी_कात्रणं

दोन जोड देतो.

एक. जाहिरातीत कोळशाला स्वच्छ म्हणायची सुरुवात २००८ ची नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॅकवाना रेल्वेने फीबी स्नो नावाची एक काल्पनिक तरुणी उभी केली होती. पांढराशुभ्र झगा घालून ती गाडीने प्रवास करते आणि झग्यावर डाग नाही, कारण इंजिनात पेनसिल्व्हेनियाचा अँथ्रासाइट कोळसा, कमी धुराचा. पुन्हा तेच, दावा खोटा नव्हता. अँथ्रासाइटचा धूर कमीच असतो.

दोन. शब्दवेल्हाळ, २००८ पासून सुरुवात करू नका, २००० पासून करा. वेस्ट व्हर्जिनिया तोवर डेमोक्रॅट्सचं घर होतं, १९८८ मध्ये त्यांचे उमेदवार ड्युकाकिस देशभर हरले तेव्हाही ते राज्य त्यांच्याकडे राहिलं. २००० मध्ये बुश यांनी क्लीन कोलला दहा वर्षांत दोन अब्ज डॉलर कबूल केले आणि राज्य जिंकलं. पाच इलेक्टोरल मतं. बुश यांची एकूण २७१, लागतात २७०. सगळं जग फ्लोरिडाच्या मतपत्रिकांना पडलेली भोकं मोजत बसलं, पण ही पाच मतं गेली असती तर फ्लोरिडा जिंकूनही बुश हरले असते. आश्वासनामुळेच जिंकले असं मी म्हणत नाही, बंदूक परवान्यापासून बरंच काही होतं. पण त्यानंतर कोळशाच्या मुलखात तो शब्द न उच्चारता जायची हिंमत कोणा उमेदवाराने केली नाही, हे नक्की. ओबामांनी २००७ मध्ये केंटकीचे रिपब्लिकन सिनेटर बनिंग यांच्याबरोबर कोळशापासून द्रवइंधन करायचं विधेयक आणलं होतं, तेही याच रांगेत ठेवा.


खरंच_का

सगळे एका सुरात बोलताय म्हणून विचारतो. कार्बन पकडणं जमलेलं आहे. कॅनडात बाउंड्री डॅम नावाच्या कोळशाच्या वीज केंद्रात २०१४ पासून चालू. टेक्सासात कोळशाच्या केंद्राला जोडलेलं पेट्रा नोव्हा २०१७ पासून, त्यात जाणाऱ्या धुरातला ९० टक्के कार्बन पकडतं, मंजूर बजेटात आणि वेळेत उभं राहिलं. मग २००८ मध्ये 'होऊ शकतं' म्हणणाऱ्याला फसवा कसं म्हणता? ओबामा व्हर्जिनियाच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या सभेत म्हणाले होते की दहा वर्षांत चंद्रावर माणूस पाठवला, मग हे का नाही जमणार. बरोबरच बोलले की.


बॉयलरवाला

फसवा म्हटलेलं नाही. जमतं, हेच मीही म्हणतोय. माझ्या जुन्या परिसरातच, वेस्ट व्हर्जिनियात न्यू हेवनच्या माउंटेनियर केंद्रात २००९ ते २०११ कार्बन पकडून खाली पुरला. गार अमोनियाची पद्धत होती. मी ती बघून आलो, व्यवस्थित चालत होती. पण १३०० मेगावॉटच्या धुरातून सुमारे २० मेगावॉटचाच धूर त्यात जायचा. मोठं युनिट बांधायची वेळ आली तेव्हा कंपनीने २०११ मध्ये थांबवलं. कारण तांत्रिक नव्हतं. कार्बनवर केंद्राचा कायदा झाला नाही, आणि कायदा नसताना हा खर्च ग्राहकांच्या बिलात घालायला राज्यांचे नियामक तयार नव्हते. म्हणजे ज्या कार्बन शुल्काला 'दिवाळं काढणारं' म्हणून सभांमध्ये झोडपलं, त्याच्याशिवाय क्लीन कोल उभा राहत नाही. प्रचारात दोन्ही गोष्टी एकाच दमात बोलल्या जात: कोळसा स्वच्छ करू आणि कार्बन महाग होऊ देणार नाही. हा व्यवहार मला कोणी आजवर जुळवून दाखवलेला नाही.

पेट्रा नोव्हाचं कौतुक रास्त आहे. पण दोन बारीक गोष्टी. पकडायला लागणारी वाफ आणि वीज पुरवण्यासाठी शेजारी वेगळं गॅसचं युनिट बसवलंय. आणि पकडलेला वायू ऐंशीएक मैलांवर तेलाच्या विहिरीत दाबून जुनं तेल वर काढतात, त्या तेलावर हिशेब बसतो. २०२० मध्ये तेल कोसळलं, युनिट बंद. २०२३ मध्ये पुन्हा चालू. मिसिसिपीतल्या केंपर केंद्राचं तर नावच काढू नका. साडेसात अब्ज डॉलर गेले, कोळशाचा गॅस करायचा भाग २०१७ मध्ये सोडून दिला, २०२१ मध्ये सुरुंग लावून पाडला. पाडल्याचा व्हिडिओ मी दोनदा बघितला, तिसऱ्यांदा बघवला नाही. कोणीतरी ते नळ बसवले होते.

चंद्राचं उदाहरण मला कधीच पटलं नाही. चंद्रावर एकदा जाऊन परत यायचं होतं. इथे शेकडो केंद्रांत रोज, तिन्ही शिफ्टला, पन्नास वर्षं तेच करायचं आहे, आणि शेजारच्या गॅसच्या केंद्रापेक्षा स्वस्तात. तिकडे पेनसिल्व्हेनियात मार्सेलस नावाच्या खडकातला स्वस्त गॅस निघायला लागला आणि शर्यतच संपली. २००८ मध्ये देशाची निम्मी वीज कोळशाची होती, जाहिरातीत तेच ठणकावून सांगायचे. २०२३ मध्ये १६ टक्के.

नंतरच्या निवडणुकांचं थोडक्यात लिहा, नाहीतर पानं पुरणार नाहीत. २०१६ पर्यंत शब्दातला तंत्रज्ञानाचा भाग गळूनच गेला होता. २०१७ मध्ये फिनिक्सच्या सभेत ट्रम्प यांनी सांगितलं की कोळसा बाहेर काढणार आणि तो साफ करणार. ऐकून मला वॉशरीचा पट्टा आठवला. शब्द फिरून पहिल्या अर्थावर आला!

अजून एक, व्याख्येसाठी उपयोगी पडेल. आमच्या पट्ट्यात चेशर नावाचं गाव होतं, गॅव्हिन केंद्राच्या कुशीत. नायट्रोजनचे वायू कमी करायला २००१ मध्ये तिथे नवं यंत्र बसवलं. त्या यंत्राने आपलं काम केलं, पण जाताजाता गंधकाच्या वायूचं एक पाऊल पुढचं रूप करून ठेवलं, ते स्क्रबरला नीट धरता येत नाही. ओल्या हवेत त्याचं आम्लाचं निळसर धुकं होऊन गावावर उतरायचं. लोकांचे डोळे चुरचुरायचे. शेवटी २००२ मध्ये वीज कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलरला जवळजवळ अख्खं गाव विकत घेतलं. सगळी यंत्रं हवा स्वच्छ करायलाच बसवली होती. 'क्लीन' म्हणताना कोणता वायू, हे विचारायची सवय मला तिथून लागली.


गवती_चहा

माझी व्याख्या मागे घेतो. काजळवाली गोष्ट वाचून ओशाळलो.


शब्दवेल्हाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरीणबाई, तुम्हाला वेगळा निरोप पाठवते. धुळीच्या मर्यादेवर एक परिच्छेद लिहायचाय, आकडे एकदा तपासून द्याल का?

पहिलं पान आज लिहून झालं. व्याख्या लिहिलीच नाही. पाच ओळी लिहिल्या, प्रत्येकीसमोर वर्ष आणि कशापासून स्वच्छ ते: दगडापासून, धुरापासून, गंधकापासून, कार्बनपासून, आणि पाचव्या ओळीत 'बदनामीपासून', ती डॉक्टरीणबाईंची. गाइडबाईंनी मान डोलावली, पण पाचवी ओळ राजकीय आहे म्हणाल्या. मी म्हटलं, विभागच तो आहे ना आपला.

बॉयलरवाला काका, चेशरच्या निळ्या धुक्याचा एखादा फोटो आहे का तुमच्याकडे? स्लाइडला हवाय.


बॉयलरवाला

आहे एक, पण त्यात निळं काही दिसत नाही. तेव्हाचा कॅमेरा साधा होता आणि ऊन मागून होतं. नुसती चिमणी आणि राखाडी आभाळ आलंय. शिवाय कोपऱ्यात माझा अंगठा. चालत असेल तर रात्री स्कॅन करून पाठवतो.